हवेची परतवाट

उस्ताद काळ्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडात करंगळी घालतात, आतला रबरी पडदा वर ढकलतात आणि वरच्या बारीक निपलवर अंगठा दाबून धरत करंगळी काढून घेतात. पडदा वरच अडकून राहायला हवा. वरच्या कप्प्यात हवा शिरायला वाटच नसेल तर स्प्रिंगने कितीही रेटलं तरी तो खाली येणार कसा? पण तो येतो. सावकाश, डोळ्यांदेखत खाली येऊन बसतो.

"फाटलाय," उस्ताद म्हणतात आणि व्हॉल्व्ह गाडीच्या मालकिणीच्या हातात देतात. "तू पण करून बघ बेटा. नुसतं माझ्यावर विश्वास ठेवू नको."

ती करून बघते. पंचविशीतली मुलगी आहे, हात ऑइलने काळे होताहेत याची तिला फिकीर नाही. धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून सकाळपासून शेडमधल्या पोरांचीही ती ताईच झाली आहे. ती व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून पडद्याची कड बघते. रबराच्या घडीत केसाएवढी चीर आहे. एवढ्याशा चिरेने गाडीचा पिकअप खाल्ला आहे.

ही शेड चिकलठाणा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आहे. उन्हाने पत्रा आतापासूनच तापला आहे. बोनेट उघडून उभी असलेली काळी गाडी म्हणजे ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २००४ मध्ये भारतात आलेली. त्या काळी आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डिझेल यायचं. पेट्रोलला टर्बो जोडलेली गाडी शोरूममधून घेता येते हीच मोठी बातमी होती. १.८ लिटर, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर. आणि स्कोडाचा कारखाना इथून जालना रोडने सरळ पुढे गेलं की शेंद्र्याला. २००१ पासून ऑक्टाव्हियाची जुळणी त्याच कारखान्यात होत होती. ताईच्या वडिलांनी घेतलेली ही गाडी आता तिच्याकडे आली आहे आणि ती विकायची नाही हे तिने घरात स्पष्ट सांगून टाकलं आहे.

तक्रार दोन प्रकारची आहे. चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही ही एक. दुसरी विचित्र आहे. दाबून चालवताना पाय उचलला की बोनेटखालून छर्र-छर्र असा फडफडल्यासारखा आवाज येतो. भावाला हा आवाज आवडतो. "रेसिंग कारसारखा वाटतो," तो म्हणतो.

उस्ताद त्याच्याकडे बघतात. "तो टर्बोचा जीव जायलाय बाबा."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, म्हणून ते नीट सांगायला हवं. सिलिंडरमधून बाहेर पडणारा तापलेला धूर एका चक्रीला फिरवतो आणि त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं, ती मुळात एवढीच. या गाडीवरची चक्री जेमतेम मुठीत मावेल, पण भरात आली की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. आता कल्पना करा, गाडी जोरात आहे, नळ्यांमध्ये दाबलेली हवा भरलेली आहे आणि चालकाने गिअर बदलायला पाय उचलला. थ्रॉटलची पाकळी खटकन बंद होते. पुढे दार बंद, मागून चक्री अजून हवा ढकलतेच आहे. कोंडलेली हवा उलटी फिरते आणि चक्रीच्या पात्यांवर आदळते, पुन्हा ढकलली जाते, पुन्हा आदळते. तीच ती फडफड. चक्रीचा वेग मरतो, दांड्याच्या बेअरिंगवर धक्के बसतात आणि पुढचा गिअर पडल्यावर चक्रीला पुन्हा पहिल्यापासून वेग घ्यावा लागतो.

हे टाळायला टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला एक झडप असते, तिलाच डम्प व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या डोक्यावरची बारीक नळी थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली. पाकळी बंद झाली की मॅनिफोल्डमध्ये इंजिन हवा ओढत राहतं, तिथे पोकळी तयार होते, ती पोकळी झडप वर खेचते आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळते. वीज नाही, तार नाही. इंजिनाच्या श्वासावर चालणारी झडप आहे ही, आणि यंत्रांमधली इतकी सरळ, स्वच्छ युक्ती मला दुसरी चटकन आठवत नाही. नंतरच्या १.८ टीएसआय इंजिनांवर हे काम विजेच्या झडपेकडे गेलं. तीही चांगलं काम करते, पण तिच्याकडे बघून काही शिकता येत नाही.

नवा व्हॉल्व्ह खोक्यातून बाहेर येतो. ॲल्युमिनियमचा, लेथवर कातलेला, हाताला गार. यात रबरी पडदा नाही, धातूचा पिस्टन आहे आणि त्यावर ओरिंग. सोबत एका पुडीत दोन जादा स्प्रिंगा, हिरवी आणि निळी. पिवळी आत बसवलेली. दुसऱ्या पुडीत पातळ वॉशर, ज्यांना शेडमधला पोऱ्या वायसर म्हणतो. त्याखेरीज भावाने स्वतःच्या पैशाने वेगळी मागवलेली एक वस्तू आहे: व्हॉल्व्हच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर बसवायचं भोकांचं टोपण. हे लावलं की हवा परत आत न जाता थेट बाहेर सुटते आणि 'फुस्स' असा तो आवाज येतो, ज्याच्यासाठी जगभरची पोरं वेडी होतात.

"ते नंतर बघू," ताई म्हणते.

"नंतर नाही, आजच," भाऊ म्हणतो.

उस्ताद दोघांचं ऐकून घेतात आणि कोणालाच उत्तर देत नाहीत. ते पांढऱ्या रंगाच्या पेनाने जुन्या व्हॉल्व्हच्या कोणत्या तोंडाला कोणती नळी होती याच्या खुणा करून ठेवतात. मग नवा व्हॉल्व्ह गाडीला लावायच्या आधी टेबलावर घेतात. इथे मी खुर्ची पुढे ओढतो, कारण बहुतेक ठिकाणी ही पायरी होतच नाही. खोकं फोडलं, बसवलं, बिल फाडलं, संपलं.

ते कॉम्प्रेसरच्या पाइपला रेग्युलेटर लावून दाब एक बारवर आणतात आणि ती हवा व्हॉल्व्हच्या दाबाच्या तोंडात सोडतात. त्याच पाइपचा एक फाटा वरच्या निपललाही देतात. पोऱ्या विचारतो, वर कशाला? "पाय दाबलेला असतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये पण प्रेशर असतं ना? ते पिस्टनला वरून दाबून धरतं. वर प्रेशर नाही दिलं तर चांगला व्हॉल्व्ह पण गळका दिसल." मोकळ्या तोंडावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवतात. तोंडावर पापुद्रा ताणला जातो आणि तसाच राहतो. फुगत नाही, फुटत नाही. पिस्टन बसकणीवर घट्ट बसतोय.

गाडीवर लावून, टर्बोच्या तोंडातून हवा भरून ही गळती शोधणारे खूप असतात. त्याने नळ्यांचे सांधे कळतात, पण हा व्हॉल्व्ह कळत नाही, कारण तशी हवा भरली की व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांवर सारखाच दाब येतो. गळणार कुठून आणि कुठे?

आता स्प्रिंगचा प्रश्न. सगळं ॲडजस्टमेंट म्हणतात ते इथे आहे. स्प्रिंग फार नरम असेल तर झडप नको तेव्हाही उघडी राहते. फार ताठ असेल तर हलक्या हाताने पाय उचलल्यावर उघडतच नाही आणि पुन्हा ती छर्र-छर्र सुरू. बरोबर कुठे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ते त्या त्या इंजिनाच्या पोकळीवर ठरतं, म्हणून आधी पोकळी मोजायची.

इंजिन सुरू होतं. मॅनिफोल्डच्या नळीवर लावलेल्या गेजचा काटा शून्याखाली जाऊन पाऱ्याच्या १८ इंचांवर थरथरतो. ताईच्या फोनमधल्या माहितीत निरोगी इंजिनाला २० ते २१ यायला हवेत असं आहे. ती काळजीने बघते.

"ते समुद्राजवळचं माप आहे," उस्ताद म्हणतात. "आपण उंचावर."

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या लॅपटॉपवर हे लगेच पडताळता येतं. इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली, ११५ नंबरचा गट उघडला की प्रेशर सेन्सर त्या क्षणीच्या बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पडद्यावर ९५० मिलिबार. मुंबईत हाच आकडा हजाराच्या वर असता. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथे हवाच थोडी विरळ, तर पोकळीचा आकडाही त्या मानाने कमी भरणार. एसी लावल्यावर काटा १६ वर येतो. हे दोन आकडे, १८ आणि १६, उस्ताद पाटीवर खडूने लिहितात. बाकीचं सगळं यांच्या हिशेबाने.

पिवळ्या स्प्रिंगवरच व्हॉल्व्हच्या निपलला हवा ओढणारा हातपंप लागतो. पोऱ्या पंप मारतो, ताई गेज वाचते, उस्ताद मोकळ्या तोंडातून आत बॅटरी मारून पिस्टनकडे बघतात. "हलला." नऊ. "पूर्ण वर." पंधरा. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही झडप सताड उघडी. उस्ताद पंपाची पोकळी सोडतात, पुन्हा तसंच करतात, आकडे तेच येतात.

"राहू दे असंच," ते भावाला म्हणतात. "आता तुझं टोपण लावू."

ताई चमकून बघते. मलाही नवल वाटतं, पण उस्तादांच्या चेहऱ्यावर काही खेळ नाही. पोराला ते समजावं असं त्यांना वाटतं, त्याने नुसतं गप्प बसावं असं नाही.

एअर फिल्टरचा डबा निघतो, तेव्हा कुठे हात आत जातो. व्हॉल्व्ह बसतो. बाहेर जाणाऱ्या तोंडावर भोकांचं टोपण आणि परतीच्या नळीचं जे तोंड आता रिकामं राहिलं त्यात उस्ताद ॲल्युमिनियमचं बूच ठोकून क्लिप आवळतात. हे बूच विसरलं तर इंजिन तिथून न गाळलेली, न मोजलेली हवा ओढत बसतं. डोक्यावरची बारीक नळी ते थेट मॅनिफोल्डच्या स्वतंत्र निपलवरून घेतात. सोय म्हणून दुसऱ्या एखाद्या लायनीला टी मारून ती जोडलेली मी पाहिली आहे. तिथे पोकळी पोहोचायला उशीर होतो आणि ज्या झडपेचं सगळं काम क्षणाच्या आत व्हायचं, तीच रेंगाळते.

गाडी सुरू. उस्ताद भावाला चालकाच्या जागी बसवतात. "दे रेस. सोड."

फुस्स!

शेडमधली सगळी पोरं हसतात. भाऊ पुन्हा रेस देतो, पुन्हा सोडतो. शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला माणूस डोकावून जातो. आवाज खरंच छान आहे, खोटं कशाला बोलू. दाबलेली हवा मोकळी झाल्याचा तो सुस्कारा कानाला समाधान देतो. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी आरपीएमची सुई खाली येताना नेहमीच्या जागेवर थांबत नाही. हजाराखाली घसरते, पाचशेवर जाते, इंजिन हिसका खातं आणि कसंबसं सावरतं. सायलेन्सरमधून फट् असा एक बार निघतो. मागे उभा असलेला पोऱ्या नाकाला फडकं लावतो. कच्च्या पेट्रोलचा वास मलाही येतो.

"आता ऐक," उस्ताद खिडकीशी वाकून म्हणतात. ते दाखवतात तो एअर फिल्टरच्या डब्याला लगटून बसलेला सेन्सर. आत आलेली प्रत्येक ग्रॅम हवा तिथे मोजली जाते आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जुन्या पेढीवरच्या मुनिमासारखा त्या मोजणीवर डोळे झाकून पेट्रोल सोडतो. वहीत जमा झालेली हवा तू वाटेत रस्त्यावर फेकून दिलीस; त्याला कोण सांगणार? तो पूर्ण हवेचं पेट्रोल देतो, सिलिंडरमध्ये हवा पोहोचते कमी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथे पेटतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं. परतीच्या नळीतून तीच हवा टर्बोच्या आधी, पण सेन्सरच्या पुढे सोडली की हिशेब जुळलेला राहतो.

"सगळ्या गाड्यांना असंच होतं?" भाऊ विचारतो. प्रश्न चांगला आहे, आणि उस्ताद तो टाळत नाहीत. नाही, ते म्हणतात. काही गाड्यांत हवा मोजायचा सेन्सरच नसतो, कॉम्प्युटर मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज घेतो. तिथे बाहेर सोडली तरी फारसं बिघडत नाही. तुझी गाडी तशी नाही.

आणि अजून एक गोष्ट. गाडी आता नुसती उभी आहे, पोकळी १८, म्हणजे टेबलावर पाहिल्याप्रमाणे झडप पूर्ण उघडी. आत दाब नाही, उलट किंचित ओढ आहे. उस्ताद टोपणाच्या भोकांसमोर टिश्यू पेपरचा तुकडा धरतात. तुकडा भोकांना चिकटतो. इंजिन त्या भोकांतून हवा पीत आहे. फिल्टर न लागलेली, मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली धुळीची हवा थेट सिलिंडरकडे. लॅपटॉपवर आयडलच्या मिश्रणदुरुस्तीचा आकडा अधिकच्या बाजूला सरकायला लागला आहे. कॉम्प्युटरला कळेना की ही वरची हवा आली कुठून, म्हणून तो पेट्रोल वाढवत सुटला आहे.

भाऊ इंजिन बंद करतो. खाली उतरून तो स्वतःच तो टिश्यूचा कागद काढतो आणि उलटा करून बघतो. मग टोपण काढायला पाना मागतो. त्याच्या तोंडावर नाराजी आहे, पण पाना तो स्वतः चालवतो, आणि मला तो त्या क्षणी फार आवडतो.

याच सुमाराला एक जण डिझेल जीप शेडसमोर लावून आत येतो. त्याने फुस्स ऐकलं आहे आणि त्यालाही ते हवं आहे, आजच्या आज. उस्ताद हात जोडतात. डिझेलमध्ये पॉवर पेट्रोलसारखी हवा अडवून कमी करत नाहीत, डिझेल कमी करून करतात. पाय उचलल्यावर खटकन बंद होणारी पाकळी तिथे नाही, मागे उलटून आदळणारी हवा नाही, मॅनिफोल्डमध्ये तशी पोकळीही नाही. झडप उघडणार कशाने? बाजारात डिझेलसाठी विजेवर उघडणाऱ्या झडपा मिळतात, बटण दाबलं की कमावलेला दाब बाहेर फेकतात. आवाज येतो. बाकी काही होत नाही, झाला तर तोटा. आपल्या रस्त्यांवर टर्बो डिझेल गाड्या इतक्या आहेत की हा धंदा चालतोही जोरात, आणि मला त्याची मनापासून चीड येते, कारण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला कोणी हे दोन मिनिटं बसून सांगत नाही. उस्ताद मात्र सांगतात. जीपवाला पटलं न पटलं अशा चेहऱ्याने निघून जातो.

टेबलावर व्हॉल्व्हचं डोकं पुन्हा उघडतं. पिवळ्या स्प्रिंगखाली दोन वॉशर. हातपंपाने पाहिलं तर पिस्टन तेरावर हलतो आणि एकोणीसवर पूर्ण वर. निळी स्प्रिंग उस्ताद हातात घेऊन दाबून बघतात आणि न बसवताच डबीत टाकतात. एवढ्या दाबाच्या इंजिनाला तिची गरज नाही. पिस्टन पुसून त्यावर इंजिन ऑइलचं बोट फिरवतात, नावापुरतं. ग्रीस लावलं तर ते उष्णतेने चिकट होतं आणि पिस्टन आळशी होतो. खरं म्हणजे पडद्याचा व्हॉल्व्ह पिस्टनपेक्षा हलका, चपळ आणि त्याला तेलपाणी लागत नाही. पिस्टनचा फायदा एवढाच की तो फाटत नाही. वीस वर्षांच्या गाडीला, रोज चाळिशीकडे जाणाऱ्या उन्हात, तो एवढा फायदा मला पुरेसा वाटतो.

परतीची नळी जोडताना ताई सोबत आणलेली निळी झुळझुळीत सिलिकॉनची नळी पुढे करते. उस्ताद ती वाकवून आत बघतात. टर्बोकडे जाणाऱ्या या वाटेत क्रँककेसमधून आलेली तेलाची वाफ असते. साधं सिलिकॉन तिने भिजतं, फुगतं, काही महिन्यांत पोटातून पापुद्रे सुटतात. आत तेल सोसणारं अस्तर आहे का, हे ते बघत आहेत. अस्तर नाही. जुनी रबरी नळीच पुसून, दोन्ही टोकं तपासून परत लागते.

संध्याकाळी उस्ताद स्वतः चालवायला बसतात. शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन ताई, मागे भाऊ आणि मी. जालना रोडवर विमानतळाच्या पुढे गर्दी थोडी विरळ होते. उसाचा एक ट्रॅक्टर मागे पडतो, समोर रस्ता मोकळा. तिसरा गिअर, दोन हजारांवरून पूर्ण पाय. पाठ सीटला टेकते. इंजिनाचा आवाज भरदार होत जातो, त्यात कुठे हवा निसटल्याची शीळ नाही.

"मागितलंय पंधराशे साठ," ताई वाचते, "मिळालं पंधराशे तीस."

सकाळी याच आकड्यांतला दुसरा साडेतेराशेच्या आत होता. मिलिबारमधला हा एकूण दाब. यातून बाहेरच्या हवेचे ९५० वजा केले की टर्बोची खरी कमाई उरते, सुमारे ०.६ बार. सकाळी तीच ०.४ च्या आसपास होती. तिसऱ्या हिश्शाएवढी कमाई त्या केसाएवढ्या चिरेतून गोल फिरून परत जात होती. इंजिनचा दिवाही लागला नव्हता. गळणारी हवा सेन्सरच्या पुढेच घुटमळत होती, वहीत कुठे चूक दिसत नव्हती.

उस्ताद पाय उचलतात. समोरून एक अस्पष्ट हुंकार येतो आणि विरतो. भाऊ पुढच्या दोन सीटांच्या मधून मान घालून ऐकतो. "हा आवाज?"

"हाच. परतीच्या नळीतून गेली."

पण उस्तादांचं समाधान झालेलं नाही. ते आता मुद्दाम गाडी मवाळ चालवतात. अडीच हजारांवर थोडासाच दाब घेतात आणि पाय हळूच, अर्धाच उचलतात. शहरात चालवताना माणूस असंच चालवतो. आणि तेव्हा, एसीच्या पंख्याखाली जेमतेम ऐकू येईल अशी, ती फडफड येते. छर्र. एकदाच, बारीक. मला आधी वाटतं की भासच झाला. उस्ताद एसी बंद करतात, काचा खाली घेतात आणि पुन्हा तसंच करतात. छर्र.

"ताठ झाली," ते म्हणतात.

अर्ध्या पायावर मॅनिफोल्डमध्ये पुरती पोकळी होत नाही, आणि दोन वॉशरांनी दाबलेली स्प्रिंग तेवढ्याला दाद देत नाही. जोरात चालवणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. शेंद्र्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीशेजारी गाडी उभी राहते. इंजिन तापलेलं आहे, म्हणून लगेच बंद करत नाहीत; मिनिटभर चालू ठेवतात, टर्बोच्या दांड्याला तेल मिळत राहावं म्हणून. चहा येतो, पितो, बोनेटखालची धग थोडी कमी होते. मग उस्ताद जुन्या शर्टाची बाही हाताला गुंडाळतात, व्हॉल्व्हच्या डोक्यावरची नळी काढतात आणि डोकंच जागेवर उघडतात. ते एका हाताने स्प्रिंग दाबून धरतात, भाऊ चिमट्याने वरचा वॉशर काढतो. वॉशर त्याच्या बोटांतून निसटून इंजिनाखालच्या पत्र्यावर पडतो, टण् असा आवाज येतो. तो आडवा होऊन, मोबाइलची बॅटरी लावून, शोधून काढतो. सैल वॉशर इंजिनाच्या आसपास सोडून गाडी हलवायची नाही, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

एक वॉशर. हातपंप गाडीतच आहे. अकरावर हलतो, सतरावर पूर्ण वर. उभ्या गाडीला झडप उघडी राहणार, पण आता परतीची वाट बंदिस्त आहे. तिथून धूळ शिरायला जागा नाही आणि हवा मोजलेलीच. चालेल. उस्तादांचा हिशेब मला इथे पूर्ण पटतो: बाहेर सोडणाऱ्या झडपेला जे दोष ठरतं, ते परत पाठवणाऱ्या झडपेला चालून जातं, म्हणून दोघींची स्प्रिंग एका मापाने लावायची नसते.

परतीच्या वाटेवर पुन्हा अर्धा पाय, पुन्हा अर्धा पाय. पूर्ण पाय, पूर्ण सोडून. चौथ्यात, तिसऱ्यात. एसी लावून, एसी बंद करून. फडफड नाही. गिअर बदलल्यावर दाब पूर्वीपेक्षा लवकर उभा राहतो हे आकडे न बघताही पाठीला कळतं. ताई तरी आकडे लिहून घेते: पंधराशे साठ, पंधराशे तीस, पंधराशे साठ, पंधराशे पस्तीस.

शेडमध्ये परतल्यावर उस्ताद मास्किंग टेपचा तुकडा फाडून त्यावर लिहितात, "पिवळी, १ वॉशर, ११–१७", आणि तो एअर फिल्टरच्या डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवतात. "उद्या दुसऱ्या कोणाकडे गेलीस तर त्याला परत पहिल्यापासून शोधायला नको."

"क्लिपा?" ताई विचारते.

"चार-पाच वेळा गरम-थंड होऊ दे. मग घेऊन ये, अर्धा आटा बसतील. जास्त आवळू नको, नळी कापती. आणि वर्षातून एकदा पिस्टन काढून पुसायचा."

"मी करते घरी. पाहिलंय आता."

"कर की. ओरिंग तेवढी जपून."

भाऊ टोपणाची पुडी हातात घेऊन उभा आहे. ते परत पाठवता येईल का, असं तो ताईला विचारतो. ती म्हणते पावती शोध. मग तो उस्तादांना विचारतो की पुढेमागे कॉम्प्युटर रिमॅप करून दाब वाढवला तर एवढ्याच स्प्रिंगवर भागेल का.

"नाही भागणार," उस्ताद हात रॉकेलने धुताना म्हणतात. "दाब वाढला की पुन्हा टेबलावर घ्यायचं, पुन्हा साबण, पुन्हा पंप. निळी तेव्हा लागली तर लागेल. डबी हरवू नका."

ताई डबी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवते, आणि पोऱ्या पुढची गाडी आत घ्यायला फाटकाकडे धावतो.